पंधरा वर्षांपूर्वीचा २.८ जीपीए आणि अमेरिकेतील मेडिकल स्कूलचा अर्ज

प्रश्न (न्यू जर्सी)

नमस्कार. मी २००९ साली येथील एका विद्यापीठातून इंजिनिअरिंगची पदवी घेतली. पहिल्या दोन वर्षांत कॅल्क्युलस आणि फिजिक्समध्ये सी आणि डी श्रेणी मिळाल्या, आणि सुमारे १२० क्रेडिटनंतर (विषयांचे वजन मोजण्याचे एकक) जीपीए, म्हणजे श्रेणींची चारपैकी सरासरी, २.८ वर थांबला. आता नोकरी सांभाळून मी सुटीच्या दिवशी रुग्णवाहिकेवर ईएमटी (तातडीचे उपचार देणारी तंत्रज्ञ) म्हणून सेवा करते, आणि त्या कामातूनच डॉक्टर होण्याचा विचार पक्का झाला आहे. इतक्या जुन्या श्रेणी अजूनही मोजल्या जातात का? तेच विषय पुन्हा घेतले, तर जुनी श्रेणी पुसली जाते का? घरातील सगळे पाठीशी आहेत, परंतु वर्षे आणि पैसे दोन्ही खर्च करण्यापूर्वी खरी स्थिती समजून घ्यावी, असे वाटते.

प्रतिसाद (बोस्टन)

एमडीच्या (येथे डॉक्टर होण्याची मूळ पदवी) बहुतेक कॉलेजांचे अर्ज एएमकॅस या सामाईक सेवेमार्फत जातात, आणि तिचा नियम असा की बारावीनंतर अमेरिकेत जिथे जिथे तुम्ही कॉलेजचे क्रेडिट घेतले, त्या प्रत्येक ठिकाणचा प्रत्येक विषय अर्जात नोंदवावा लागतो, मग तो किती का जुना असेना. एखाद्या कम्युनिटी कॉलेजात उन्हाळ्यात घेतलेला एकच विषयही यातून सुटत नाही, आणि तो वगळल्याचे लक्षात आल्यास कमी श्रेणीपेक्षा ते कितीतरी अधिक महागात पडते. विषय पुन्हा घेतल्यास जुनी आणि नवी अशा दोन्ही श्रेणी मोजल्या जातात, तुमच्या विद्यापीठाने स्वतःच्या हिशेबातून जुनी वगळली असली तरीही. डीओच्या (ऑस्टिओपॅथी शाखेची, तीही डॉक्टरचीच पदवी) कॉलेजांसाठी असलेल्या अर्जसेवेत पूर्वी नवी श्रेणी जुनीची जागा घेत असे, परंतु ती सवलत २०१७ मध्ये बंद झाली. जुन्या लेखांमध्ये ती अजून वाचायला मिळते, म्हणून मुद्दाम सांगतो.

आता हिशेब पाहू. १२० क्रेडिटवर २.८ म्हणजे ३३६ गुण. पुढे ३० क्रेडिट निखळ ए श्रेणीने (प्रत्येक क्रेडिटला ४ गुण) घेतले, तर एकूण जीपीए ३.०४ होतो, आणि तब्बल ६० क्रेडिट घेतले तरी ३.२. २०२३-२४ मध्ये एमडीला प्रवेश मिळालेल्यांची सरासरी ३.७७ होती. म्हणजे सरासरी गाठण्याचे ध्येय ठेवले, तर ते या जन्मी गाठता येणार नाही, आणि त्यासाठी क्रेडिट विकत घेत राहू नये असे माझे ठाम मत आहे.

मात्र एएमकॅस केवळ एकच आकडा पाठवत नाही. पहिल्या वर्षापासून चौथ्या वर्षापर्यंत, आणि पदवीनंतर घेतलेल्या पदवीपातळीवरच्या विषयांचा, ज्याला सगळे पोस्ट-बॅक म्हणतात, असा प्रत्येक टप्प्याचा जीपीए स्वतंत्र ओळीत दिसतो. शिवाय बायोलॉजी, केमिस्ट्री, फिजिक्स आणि गणित यांचा एक, आणि उरलेल्या विषयांचा दुसरा, असे दोन भाग पडतात. तुमचे जुने कॅल्क्युलस आणि फिजिक्स पहिल्या भागात येतील, हे खरेच अडचणीचे आहे. इंजिनिअरिंगचे विषय मात्र बहुतांशी दुसऱ्यात जातात. पोस्ट-बॅकच्या ओळीत ऑरगॅनिक केमिस्ट्री, बायोकेमिस्ट्री, फिजिऑलॉजी अशा विषयांत सलग ए दिसले, तर आज तुम्ही कसा अभ्यास करता याचा पुरावा प्रवेश समितीसमोर राहतो. काही कॉलेजे एकूण जीपीएची किमान मर्यादा लावून अर्ज पुढे वाचतच नाहीत, तर काही अलीकडच्या क्रेडिटना अधिक वजन देतात. त्यामुळे कॉलेजांची निवड हा तुमच्यासाठी अभ्यासाइतकाच महत्त्वाचा भाग आहे.

प्रतिसाद (ह्यूस्टन)

वरील सर्व मान्य, फक्त टेक्सासचा अपवाद जोडते. येथील रहिवाशांना राज्याच्या कायद्यानुसार 'अकॅडेमिक फ्रेश स्टार्ट' घेता येतो, ज्यात दहा किंवा अधिक वर्षांपूर्वीचे क्रेडिट सरकारी विद्यापीठातील प्रवेशासाठी विचारात घेतले जात नाहीत, आणि टेक्सासची स्वतंत्र वैद्यकीय अर्जसेवा ते मान्य करते. परंतु नको ते विषय गाळून हवे ते ठेवता येत नाहीत. चांगल्या श्रेणीही जातात, आणि आवश्यक विषय नव्याने पूर्ण करावे लागतात. एएमकॅस हा कायदा मानत नाही, म्हणून केवळ यासाठी न्यू जर्सीहून घर हलवावे असे मी कोणालाही सुचवणार नाही. आधीपासून येथे राहणाऱ्यांसाठी मात्र तो मोठा आधार आहे.

प्रतिसाद (सॅन होजे)

याच धाग्यात विचारतो: माझ्या पत्नीची बीएस्सी पुण्याची आहे आणि गुण बेताचेच होते. तेही या जीपीएत येतात का?

प्रतिसाद (बोस्टन)

नाही. ते शिक्षण अर्जात नोंदवायचे असते, परंतु एएमकॅस परदेशी गुणपत्रिका तपासत नाही आणि तिथले गुण जीपीएत धरत नाही. मात्र यामुळे वाट सोपी होत नाही, कारण बरीच कॉलेजे अमेरिकेतील किंवा कॅनडातील पदवी, नाहीतर ९० च्या आसपास क्रेडिट मागतात. तुमच्या पत्नीला येथे जवळजवळ नव्याने पाया घालावा लागेल, आणि त्यात मिळालेली प्रत्येक श्रेणी पूर्ण वजनाने मोजली जाईल.

प्रतिसाद (फिलाडेल्फिया)

ताई, मी स्वतः पोस्ट-बॅक करून या मार्गाने आले आहे, म्हणून क्रमाबद्दल लिहिते. सुरुवातीलाच नोकरीसोबत चार विज्ञान विषय घेऊ नका. आज बी आला, तर समितीला तो पंधरा वर्षांपूर्वीच्या डीपेक्षा अधिक खटकतो. आधी एक-दोन विषय घेऊन ए मिळवा आणि मग भार वाढवा, कारण पुढे पूर्ण भार पेलल्याचेही दिसावे लागते. स्पेशल मास्टर्सकडे (मेडिकल प्रवेशाची तयारी म्हणून केला जाणारा पदव्युत्तर अभ्यासक्रम) घाईने वळू नका. तो महाग असतो, त्याचे गुण पदव्युत्तर म्हणून वेगळे मोजले जातात आणि २.८ हा आकडा त्याने हलत नाही. एमकॅट ही मेडिकल प्रवेशपरीक्षा तयारी पूर्ण झाल्यावरच द्या. पुष्कळ कॉलेजे सुमारे तीन वर्षांपर्यंतचेच गुण मानतात, आणि कमी जुना जीपीए असलेल्यांच्या बाबतीत एमकॅटचे गुण फार बारकाईने पाहिले जातात. अर्जातील निबंधात जुन्या श्रेणींना दोन-तीन वाक्ये पुरेत: काय झाले, काय बदलले. उरलेली जागा रुग्णवाहिकेवरच्या कामाला द्या. पहिले पाऊल म्हणून सर्व कॉलेजांची ट्रान्सक्रिप्ट (अधिकृत गुणपत्रिका) मागवून एएमकॅसच्या पद्धतीने एकूण आणि विज्ञान-गणिताचा असे दोन्ही जीपीए स्वतः काढा, आणि ते आकडे येथे लिहिले तर कॉलेजांची यादी करायला आम्ही मदत करू.