जुन्या एकबारी मार्टिनीला नवा दस्ता आणि नळी : सल्ला हवा

वाड्याचा_धाकटा (अंबाजोगाई) :

नमस्कार. आमच्या घरी बी.एस.ए. या ब्रिटिश कंपनीची मार्टिनी पद्धतीची एकबारी (दर बाराला एकच काडतूस भरायची) .22 बोअरची, म्हणजे नळीचे तोंड सुमारे 0.22 इंच असलेली, रायफल आहे. आजोबांनी ती निजामाच्या अमलात घेतली, त्यावेळचा उर्दू कागद अजून ट्रंकेत आहे. पुढे ती वडिलांच्या परवान्यावर होती आणि गेल्या वर्षी वारसाहक्काने माझ्या परवान्यावर नोंदली गेली. दस्ता मुठीपाशी तडकला असून आजोबांनीच तो तांब्याच्या तारेने आवळून ठेवला आहे. नळीच्या तोंडाकडचे आटे (गोळीला फिरकी देणाऱ्या आतल्या खाचा) झिजल्यासारखे दिसतात आणि 50 मीटरवर दहा गोळ्या जेवणाच्या ताटाएवढ्या वर्तुळात पसरतात.

परदेशात अशा जुन्या एकबारी यंत्रांवर (काडतूस भरून उडवणाऱ्या मागच्या भागावर) नवी नळी आणि अक्रोडाचा दस्ता चढवून फार देखण्या रायफली घडवतात, त्यांची छायाचित्रे पाहून मलाही मोह झाला आहे. माझे प्रश्न दोनच आहेत : नळी बदलावी की आहे तीच दुरुस्त करावी, आणि दस्त्याला लाकूड कोणते वापरावे? सगळे मिळून 40,000 रुपयांच्या आत बसले पाहिजे. वापर फक्त रेंजवर होईल, त्यामुळे शिकारीचे सल्ले कृपया देऊ नयेत.

ईशापूरवाला (उदगीर) :

स्पष्ट लिहितो, राग मानू नये. जुन्यावर पैसे घालण्यापेक्षा बंगालमधल्या ईशापूरच्या कारखान्याची .315 बोअरची रायफल घ्यावी. माझ्याकडे ती एकोणीस वर्षे आहे आणि एकदाही अडकलेली नाही. 40,000 रुपयांत येणार नाही हे मला ठाऊक आहे, पण चांगल्या वस्तूला पैसे लागतातच. शिवाय रानडुकरांनी ज्वारीचा फड आडवा केला, तर .22 हातात घेऊन काय करणार?

चकमक (नांदेड) :

धागाकर्त्यांनी शिकारीचे नाव काढू नका असे लिहिले असताना पहिल्याच उत्तरात रानडुक्कर आले. असो. वन्यजीव संरक्षण कायदा 1972 चा आहे, पिकाची नासधूस करणाऱ्या डुकरासाठीही वनखात्याच्या अधिकृत अधिकाऱ्याची परवानगी लागते, एवढे सांगून तो विषय माझ्यापुरता संपवतो.

मूळ प्रश्नाकडे येतो. या यंत्राला लोक सरसकट ‘मार्टिनी-हेन्री’ म्हणतात, ते चूक आहे. मागच्या बाजूला बिजागरीवर झुलणारा ठोकळा अमेरिकेतल्या पीबॉडीचा. त्याचा बाहेरचा घोडा काढून चाप ओढल्यावर सुटणारी कळ आत बसवली ती स्वित्झर्लंडच्या फ्रिड्रिख फॉन मार्टिनी यांनी. आणि हेन्री हे एडिंबरोचे बंदूककार, ज्यांचे आटे 1871 साली ब्रिटिश फौजेने स्वीकारलेल्या रायफलीच्या नळीत होते. तुमच्या .22 मध्ये हेन्रींचे काही नाही. याच वर्गातली दुसरी यंत्रे म्हणजे स्कॉटलंडच्या फारकर्सन यांचे 1872 चे आणि अमेरिकेच्या ब्राउनिंग यांच्या आराखड्यावरचे विंचेस्टर कंपनीचे 1885 चे. 1967 साली आलेली अमेरिकेच्या रुगर कंपनीची ‘नंबर वन’ रायफल फारकर्सनवरूनच सुचलेली आहे. कारागिरांना ही यंत्रे आवडतात त्याचे कारण साधे आहे : मागे-पुढे सरकणारा बोल्ट नसल्यामुळे यंत्र आखूड असते आणि तेवढ्याच लांबीच्या नळीची रायफल चारेक इंच आटोपशीर होते.

हॉर्नेटप्रेमी (परतूर) :

ऑस्ट्रेलियाने आपल्या शाळकरी कॅडेटांसाठी घेतलेल्या .310 मार्टिनी पुढे मोडीत काढल्या आणि त्यांतल्या कितीतरी अमेरिकेत जाऊन .22 हॉर्नेट, .218 बी यांसारख्या काडतुसांच्या क्रीडा-रायफली झाल्या. तुमचीही तशीच करून घ्यावी. त्याच यंत्रावर कितीतरी जास्त जोर मिळेल.

दप्तरी (औसा) :

वरील सल्ला वाचून हात जोडावेसे वाटले. मी वकील नाही, पण शस्त्र परवान्यांची कागदपत्रे आयुष्यभर हाताळली आहेत, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

तुमच्या परवान्यावर बोअर लिहिलेला आहे आणि रायफल त्याच बोअरची राहिली पाहिजे. शस्त्र अधिनियम, 1959 च्या कलम 5 प्रमाणे शस्त्र घडवणे, दुरुस्त करणे किंवा त्याचे रूपांतर करणे हे व्यवसाय म्हणून केवळ परवानाधारकच करू शकतो. कलम 6 प्रमाणे नळी आखूड करायलासुद्धा स्वतंत्र परवाना लागतो. म्हणून ‘तोंडाकडून इंचभर कापून घ्या, सरळ मारू लागेल’ असे कोणी सांगितले तर ते ऐकू नये. बाहेरून नळी मागवण्याचा विचारही सोडावा, कारण आयातीची सवलत नामांकित नेमबाजांसाठी असते, आपल्यासारख्यांसाठी नाही. आणि घरात आणखी शस्त्रे असतील तर मोजून घ्यावीत : 2019 च्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीला दोनच ठेवता येतात आणि वारसाहक्काने आलेलेही त्यातच धरले जाते.

हॉर्नेटप्रेमी (परतूर) :

मी परदेशातली रीत सांगितली. करा असे म्हटले नव्हते.

दप्तरी (औसा) :

‘तशीच करून घ्यावी’ असे शब्द वर आहेत.

गोदाकाठ (गंगाखेड) :

माझा अनुभव वेगळा आहे, पण नळीशी त्याचा संबंध आहे. एका निवडणुकीत आचारसंहितेमुळे माझी एकनळी ठाण्यात जमा केली होती. दोन महिन्यांनी परत मिळाली तेव्हा नळीत तांबूस गंजाचा थर होता आणि पावतीवर ‘बंदूक एक नग’ याखेरीज अक्षर नव्हते, त्यामुळे तक्रार कशाच्या आधारावर करणार? तेव्हापासून जमा करताना आत-बाहेर तेल पुसून देतो, छायाचित्रे काढतो आणि पावतीवर अवस्था लिहून घेतल्याशिवाय तिथून हलत नाही.

ईशापूरवाला (उदगीर) :

माझी .315 चार वेळा जमा झाली, तिला काही झाले नाही.

तोंडपुसणी (लातूर) :

मी वीस वर्षे .22 ने रेंजवर कागदी लक्ष्ये फाडतो आहे, त्या बळावर लिहितो. नळी बदलण्याआधी ती खरोखर गेली आहे का, हे तपासावे. जुन्या .22 काडतुसांच्या ठिणगी पाडणाऱ्या मसाल्यात पोटॅशियम क्लोरेट असे. बार उडाल्यावर त्याचा क्षार नळीत राहतो, मिठासारखा ओल धरतो आणि रात्रीत पोलाद खातो. म्हणून जुने लोक आधी कढत पाणी ओतून, मग तेल लावत. आजोबांनी हे केले असेल तर आतली बाजू तुम्ही समजता त्यापेक्षा चांगली असेल. दुसरे असे की साध्या शिशाच्या गोळ्यांचे शिसे आट्यांत बसते आणि बसलेले शिसे झिजलेल्या आट्यांसारखेच दिसते. पितळी ब्रशने ते चिकाटीने काढावे, दोन-तीन संध्याकाळी जातील.

तिसरी गोष्ट कोणीच लिहिली नाही, याचे नवल वाटते. मार्टिनीचा दस्ता अखंड नसतो. मागचा भाग यंत्राला लांब बोल्टने आवळलेला असतो आणि पुढचा नळीखाली वेगळा असतो. मुठीपाशी तडकलेले लाकूड प्रत्येक बाराला वेगळे बसणार, मग गोळ्या एका जागी कशा जातील? आधी दस्ता करावा, मग पुन्हा 50 मीटरवर बसावे, नळीचा निर्णय त्यानंतर घ्यावा. त्यानंतरही पसरत राहिल्या तर परवानाधारक कारागिराकडून त्याच बोअरचे अस्तर (जुन्या नळीच्या आत नवी पातळ नळी) बसवता येते; .22 मध्ये ती जुनी आणि मान्य रीत आहे.

शिसवकर (किनवट) :

लाकडाचा प्रश्न माझा. अक्रोडच घ्यावा, हलका, चिवट, आणि कोरताना कड तुटत नाही. ते परवडत नसेल तर शिसव, पण रायफल जड होईल. लाकूड वाळलेले हवे, इंचाला एक वर्ष हा सुतारांचा हिशेब आहे. वर जवसाचे तेल हाताने चोळावे, पातळ हात आणि मधे पुरेसे दिवस.

गोदाकाठ (गंगाखेड) :

जवस पिवळे पडते. आमच्याकडे करडईचे तेल लावतात.

शिसवकर (किनवट) :

करडई वाळायला जवसापेक्षा फार वेळ घेते. तोवर धूळ बसून दस्ता पापडासारखा खरबरीत होतो. आणि दस्त्याला पिवळेपणाचे वावडे कशाला?

दप्तरी (औसा) :

एक राहिले. दस्ता सुताराकडे द्यायचा असेल तर दस्ताच द्यावा, रायफल नव्हे. दस्त्याच्या मागच्या टोकाची पट्टी काढली की आत तो आवळणारा बोल्ट दिसतो.

चकमक (नांदेड) :

मीही अक्रोडच म्हणेन.

हॉर्नेटप्रेमी (परतूर) :

अक्रोड.

वाड्याचा_धाकटा (अंबाजोगाई) :

सर्वांचे आभार. पाच महिन्यांनी लिहितो आहे, उशिराबद्दल क्षमस्व.

शिसे काढायला तीन नव्हे, सहा संध्याकाळी गेल्या; पांढऱ्या चिंध्यांवर करड्या चकत्या निघतच राहिल्या. दस्त्यासाठी मात्र मी कोणाचेच ऐकले नाही. वाड्याचा मागचा सोपा गेल्या पावसाळ्यात खचला आणि त्याची सागवानी तुळई अंगणात पडून होती. साग मुठीशी ठिसूळ पडतो, त्यातल्या कणांनी रंध्याचे पाते बोथट होते, हे सुताराने मला दहादा ऐकवले आणि प्रत्येक वेळी पाते दाखवले. .22 चा झटका नगण्य असल्यामुळे मी धोका पत्करला आणि मूठ जरा जाड ठेवली. जवस तेलाचे अकरा हात दिले. खर्च 9,400 रुपये झाला, त्यात सुताराच्या नव्या पात्याचे पैसे धरले आहेत.

नळी तीच आहे. 50 मीटरवर दहा गोळ्या आता वरणाच्या वाटीत बसतात, एखादी काठावर. आणखी खर्च करण्याची इच्छा उरली नाही. तांब्याची तार काढून ट्रंकेत, उर्दू कागदाशेजारी ठेवली आहे.

शिसवकर (किनवट) :

साग दोन उन्हाळे टिकला तर मला कळवावे.

ईशापूरवाला (उदगीर) :

तुळईचा तुकडा उरला असेल तर काय भावाने देणार? .315 च्या दस्त्याला मागच्या महिन्यात चीर गेली आहे.