चार पात्यांची पाचर घेण्याआधी

भाऊ, जळगावच्या वखारीसाठी लाकूड फोडायच्या १४ टनी हायड्रॉलिक मशीनला चार पात्यांची पाचर चालेल का, असं तुम्ही विचारलंय. सरळ निंबाला चालेल, बाभळीच्या गाठाळ बुंध्याला नाही. चारही पाती एकदम घुसतात, जोर वाटला जातो, ओंडका मधेच अडकतो आणि रिलीफ व्हॉल्व्ह (जादा दाब सोडणारी झडप) किंचाळत राहतो. टनाची पाटी बघू नका, बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) आणि तेलाचा दाब विचारा: १७५ बारला १०० मिमीचा सिलिंडर १४ टन देतो, १२५ मिमीचा जवळपास २२. आडवी पाती काढता येतील अशीच पाचर घ्या. बाभूळ ओली असतानाच फोडा, वाळली की लोखंड होते. आणि लिव्हर एकाने, ओंडका दुसऱ्याने धरायचा, हे कृपया करू नका. बोटं जातात.