शाळेत चिन्ह, टिकली, स्कार्फ, झेंडा यावरून काही घडलंय का? अनुभव लिहा

मीरा_तिकडची
काल लेकीच्या शाळेतून (अमेरिका) नव्या ड्रेसकोडची मेल आली. चालणार नाहीत अशा द्वेषाच्या चिन्हांची यादी, त्यात पहिलंच स्वस्तिक, आधी 'नाझी' एवढंही लिहिलेलं नाही. थोरल्याचं जुनं प्रकरण आठवलं. सहावीत 'माझं घर' प्रोजेक्ट होता, बुटाच्या खोक्याचं घर करायचं. त्याने दारावर लाल स्केचपेनने स्वस्तिक काढलं, चारही टिंबांसकट. दुपारी मला ऑफिसात फोन, लगेच या. जाऊन बघते तर खोकं प्रिन्सिपॉलच्या टेबलावर, दारावर पिवळी चिठ्ठी डकवलेली, आणि पोरगं बाहेर बाकावर, त्याला कोणी काही सांगितलेलंच नाही. चिठ्ठीचा राग नाही आला मला. वर्गात ज्यू मुलं होती, त्यांच्या घरातली माणसं त्या नाझी झेंड्याखाली मारली गेलीत, त्यांना ते बघून काय होत असेल ते कळतं. पण हे काय काढलंस रे बाळा, एवढं विचारायला काय जात होतं?

रानवारा
अरे देवा, बिचारं लेकरू. खोकं परत मिळालं का?

सुमेधा_क
आमच्या कॉन्व्हेंटमध्ये टिकली, बांगड्या, मेंदी सगळं बंद. नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी प्रार्थनेला हात पुढे करायला लावायचे आणि मेंदीवाल्या सगळ्या मैदानात उभ्या. एकीच्या आईने लिंबू घासघासून पाठवलं होतं तिला, तळवे फिके झालेले पण नखं केशरीच राहिली, ती मुठी वळून उभी होती. बाकी शिकवायच्या छान हां सिस्टर, माझं गणित त्यांच्यामुळेच सुधारलं.

खडू_फळा
मी अमेरिकेतच मिडलस्कूलला शिकवते म्हणून दुसरी बाजू लिहिते. बाकावर कर्कटकाने कोरलेली नाझी खूण मी स्वतः सँडपेपरने घासून काढलीये. तिथे बसणारी मुलगी ज्यू होती, नंतर ती त्या बाकाजवळ जायलाच तयार नव्हती. त्यामुळे शिक्षक आधी झाकतात याचं मला नवल नाही वाटत. नाझींचं बहुतेक वेळा तिरकं, काळं, पांढऱ्या गोलात असतं हे खरं, पण पोरांच्या हातून आपलंही वाकडंतिकडंच निघतं, नुसतं बघून कसं ओळखणार? विचारावंच लागतं. आणि शिक्षकांना हे आधी कोणी सांगितलेलं नसतं. कॅलिफोर्नियाने २०२२ मध्ये कायद्यात दोन्ही वेगळी धरलीत पण ते स्टाफरूमपर्यंत कधी पोचायचं.

राइनकाठ
जर्मनीत आम्हाला उलट अनुभव आला. इथे कलम ८६ए खाली नाझी चिन्ह मिरवलं तर तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, पण शिकवण्यासाठी दाखवायला सूट आहे. मुलाच्या बाईंनी मलाच वर्गात बोलावलं, मी घरातली लग्नपत्रिका घेऊन गेले. एकाने विचारलं हे टीशर्टवर घालून बाहेर जाता का, म्हटलं नाही, रस्त्यावरच्या आजीला कसं कळणार माझ्या मनात काय आहे.

रानवारा
@राइनकाठ किती छान बाई! अशा सगळ्यांना मिळोत.

जुनी_पानं
थोडं अवांतर. अमेरिकन शाळांत झेंड्याची शपथ घेताना मुलं आधी हात पुढे ताठ करायची, नाझी सलामीसारखंच दिसायला लागलं म्हणून १९४२ मध्ये तिथल्या संसदेने छातीवर हात ठेवायची पद्धत केली. १९४३ ला त्यांच्या सुप्रीम कोर्टाने सलामाची सक्तीच काढली. आपल्याकडे १९८६ चा केरळचा निकाल आहेच, तीन भावंडं धर्मामुळे राष्ट्रगीत गात नव्हती पण आदराने उभी राहायची, शाळेने काढलं होतं, आपल्या सुप्रीम कोर्टाने परत घ्यायला लावलं. मला हा निकाल फार आवडतो.

सेन_काठची
फ्रान्स. २००४ च्या कायद्याने सरकारी शाळेत ठळक धार्मिक चिन्ह चालत नाही, छोटंसं लॉकेट वगैरे चालतं. माझ्या लेकीच्या गळ्यातल्या गणपतीला कोणी काही म्हणत नाही. तिच्या मैत्रिणीला मात्र रोज गेटबाहेर स्कार्फ काढावा लागतो. भिंतीकडे तोंड करून एकेक पिन काढते, पिनांची डबी आहे तिची, ती माझी लेक धरून उभी राहते. नियम सगळ्यांना सारखा म्हणतात पण थांबावं लागतं ते तिलाच.

सुमेधा_क
वाचून कसंतरी झालं. तुमची लेक गुणी आहे हो.

मीरा_तिकडची
@रानवारा मिळालं परत, चिठ्ठीसकट. सॉरी म्हणाले पण मला म्हणाले, त्याला नाही. तो आता कॉलेजात आहे, विषय काढला की उठून जातो.
@खडू_फळा तुमचं वाचून बरं वाटलं, हे कोणी आतून लिहीत नाही.

दोन_पोरांची_आई
बुटाचं खोकं म्हणजे माझ्या जखमेवर मीठ, आमच्याकडे परवाच ज्वालामुखी झालाय त्यात, गालिचा गेला 😭

खडू_फळा
@मीरा_तिकडची त्या मेलला उत्तर द्या बरं का, गप्प बसू नका. यादीत 'नाझी' शब्द घाला आणि मुलाशी बोलल्याशिवाय कारवाई नको, एवढंच मागा. प्रिन्सिपॉल आणि काउन्सेलर दोघांना पाठवा, एकालाच पाठवलं की तिथेच पडून राहतं.

मीरा_तिकडची
आज रात्री मसुदा करते, पाठवू का तुम्हाला बघायला?

खडू_फळा
व्यनि करा, उद्या डब्याच्या सुट्टीत वाचते.