अरेथा फ्रँकलिन गॉस्पेलकडे खरी परतली ती १९८७ मध्ये!

पायपेटी: अमेरिकन गायिका अरेथाचं गॉस्पेल, म्हणजे चर्चमधली भक्तिगीतं म्हटली की सगळ्यांची गाडी 'अमेझिंग ग्रेस'वर (१९७२) थांबते. रेकॉर्ड अफाट आहे, वादच नाही. पण तेव्हा बाई २९ वर्षांच्या, ऐन भरात. लॉस एंजेलिसचं चर्च, अ‍ॅटलांटिक कंपनीचं ध्वनिमुद्रण, वर सिनेमाचे कॅमेरे. १९८७ मध्ये त्या पंचेचाळिशीच्या, पॉपगायक जॉर्ज मायकलसोबतचं गाणं त्याच वर्षी अमेरिकेत पहिल्या नंबरवर. अशा वेळी त्या डेट्रॉइटला, वडील जिथे धर्मगुरू होते त्या न्यू बेथेल चर्चमध्ये, बहिणींना सोबत घेऊन गायल्या. वडील १९८४ मध्येच गेले होते. परतणं म्हणतात ते हे.

खर्ज: कॅमेरे होते म्हणून भक्ती कमअस्सल? मग तिकीट लावून होणाऱ्या अभंगांच्या मैफलीही मोडीत काढा. सिनेमात बघा, बाई पियानोवर गातायत, वडील उठून जवळ येतात आणि रुमालाने त्यांच्या तोंडावरचा घाम टिपतात. गाणं चालूच. शीर्षकगीत जवळजवळ ११ मिनिटांचं, एकेका शब्दावर इतका मुक्काम की साथीला बसलेले गॉस्पेल गायक जेम्स क्लीव्हलँड पियानो सोडून रुमालात तोंड लपवून रडतात. हे कंपनीने ठरवून घडवलं म्हणता?

पायपेटी: भक्तीला कोण नावं ठेवतंय? प्रश्न परतण्याचा आहे. बर्नार्ड पर्डी, चक रेनी ही सोल, म्हणजे चर्चबाहेरच्या लौकिक गाण्यांची वाजवणारी मंडळीच तिथे बसलेली. सोल गायक मार्विन गेचं गाणंही घेतलंय. आणि तो सिनेमा २०१५ मध्ये दाखवायचं ठरलं तेव्हा बाईंनीच कोर्टातून अडवला, हे कसं विसरता?

खर्ज: अडवला तो सिनेमा, तोही परवानगीशिवाय दाखवत होते म्हणून. रेकॉर्ड कुठे मागे घेतली? आणि मार्विन गेचं गाणं चर्चमध्ये नेऊन तिथलंच करून टाकणं याला हिंमत लागते. तुम्ही त्यालाच खोट म्हणताय.

तिसरी घंटा: दोघंही थोडं थांबा. वयाच्या चौदाव्या वर्षी त्यांचं पहिलं ध्वनिमुद्रण झालं ते त्याच न्यू बेथेलमध्ये, १९५६ साली. १९७२ मध्ये तर वडील सगळ्यांसमोर सांगतात की हिने चर्च कधी सोडलंच नव्हतं. मग परतणार कुठून? बाकी न्यू बेथेलमधल्या त्या गाण्यांचा १९८७ चा अल्बम मला जड जातो. भाषणं फार. धर्मोपदेशक आणि नागरी हक्कांचे नेते जेसी जॅक्सन बोलायला लागले की हात आपोआप पुढच्या गाण्याकडे जातो.

पायपेटी: चर्चमध्ये प्रवचन होणारच हो! फक्त गाणी हवीत तर स्टुडिओतल्या रेकॉर्डी ढीगभर आहेत. आणि वडील म्हणाले म्हणून खरं? कोणता बाप मुलीबद्दल भरल्या चर्चमध्ये वेगळं बोलेल?

खर्ज: बाप सोडा, आवाज ऐका. ७२ चा आवाज ८७ मध्ये नाही. वरच्या स्वरांना तेव्हा धार होती, नंतर ती थोडी बोथटली.

पायपेटी: बोथटली, मान्य. म्हणूनच ८७ मध्ये वर जाताना जो जोर लावावा लागतो तो ऐकू येतो, आणि मला तोच हवा असतो.

खर्ज: हे म्हणजे दमसास कमी पडला त्याला भाव म्हणायचं. नाही पटलं.