मिमा इतो : तुमच्या आठवणीतला एक पॉइंट

धागाकर्ती

परवा दुसऱ्या धाग्यावर टेबल टेनिसचा विषय निघाला आणि गाडी मिमा इतोवर येऊन थांबली. तिथे अवांतर नको म्हणून हा वेगळा धागा. ज्यांना नाव नवीन आहे त्यांच्यासाठी: जन्म २१ ऑक्टोबर २०००, गाव जपानमधल्या शिझुओका प्रांतातलं इवाता. आई स्वतः खेळाडू आणि तीच पहिली कोच. २०१५ मध्ये चौदाव्या वर्षी जर्मन ओपनचं एकेरीचं विजेतेपद, २०१६ मध्ये रिओ ऑलिंपिकला पंधराव्या वर्षी सांघिक ब्राँझ. टोकियोत मिश्र दुहेरीत सोनं, सांघिक रुपं, एकेरीत ब्राँझ, म्हणजे तिन्ही रंग एकाच स्पर्धेत. विकीवरची यादी इथे नको. तुम्ही तिला कधी पाहिलंत, काय लक्षात राहिलं, तेवढं लिहा.

पिंपळपान

मी बॅकहँडला शॉर्ट पिंपल्स (बाहेरून छोटे दाणे असलेलं बॅटचं रबर) लावून खेळतो, त्यामुळे क्लबात मला कायम टोमणे. "नीट रबर लाव की रे, हे काय दाणेदार!" लोकांना वाटतं की पिंपल्स म्हणजे लबाडी. इतोचा बॅकहँड बघितल्यावर माझी मान जरा वर झाली. ती टेबलाला चिकटून उभी राहते, उंची बेताची, आणि चेंडू टप्पा घेऊन पुरता वर यायच्या आतच थाप मारल्यासारखी परत पाठवते. साध्या रबराने मारलेल्या चेंडूला टॉपस्पिन (पुढच्या दिशेची फिरकी) असतो, त्या हिशेबाने समोरचा बॅट लावतो. शॉर्ट पिंपल्सवरून येणाऱ्या चेंडूत तो फिरकीचा जोर नसतो. चेंडू सपाट येतो आणि ऐनवेळी मरतो. मग समोरचा नेटमध्ये मारतो आणि आपल्याच बॅटकडे बघत राहतो.

२०१८ च्या स्वीडिश ओपनमध्ये तिने लिऊ शिवेन, दिंग निंग आणि झू युलिंग अशा तीन चिनी खेळाडूंना ओळीने लोळवलं. मी तिन्ही सामने मोबाइलवर पाहिले, काही पॉइंट पुन्हा पुन्हा. तिच्यासारखी सर्व्हिस करायला जाऊन मनगट दुखावून घेतलं, ते वेगळं. पंधरा दिवस चहाचा कप डाव्या हाताने.

वाशिष्ठीकाठ

मी चिपळूणचा. २२ जुलै २०२१ ला पूर आला. तळमजला गेला, वीज गेली, मोबाइल बंद. चिखल उपसण्यात दिवस कधी उगवायचा आणि कधी मावळायचा, कळायचं नाही. ऑलिंपिक सुरू झालंय हेही डोक्यात नव्हतं. आठवड्याभराने ठाण्याला आत्याकडे आंघोळीला आणि झोपायला म्हणून गेलो. रात्री झोप येईना, तर आतेभावाने लॅपटॉपवर २५ जुलैचा मिश्र दुहेरीचा उपांत्यपूर्व सामना लावून दिला. इतो आणि जुन मिझुतानी, समोर जर्मनीचे फ्रान्झिस्का आणि सोल्या. शेवटचा, अकरा पॉइंटांचा गेम, २-९ असे मागे. मी म्हटलं, "बंद कर, संपलं हे." तो म्हणाला, "गप बस."

सात मॅच पॉइंट, म्हणजे एक पॉइंट गेला की सामना गेला अशा सात वेळा, वाचवले त्यांनी. १६-१४. प्रेक्षक नसलेला हॉल, त्यामुळे बुटांचा चरचर आवाजसुद्धा ऐकू येत होता. आणि ती पोरगी दोन पॉइंटांच्या मध्ये चक्क हसत होती.

मग दुसऱ्या दिवशीची फायनलही बघून टाकली. शू शिन आणि लिऊ शिवेन, पहिले दोन गेम चीनचे, शेवटचा गेम ८-० पासून ११-६. जपानचं टेबल टेनिसमधलं पहिलं ऑलिंपिक सोनं. पुराशी याचा काही संबंध नाही, उगाच जोडत नाही. पण त्या पंधरवड्यातलं मला नीट आठवतं ते एवढंच, बाकी सगळा चिखल.

जुना_अंपायर

वरच्या अनुभवाला एक पुरवणी. सोल्या हे नाव लक्षात ठेवा. रिओत सांघिक उपांत्य लढतीत इतो याच सोल्याविरुद्ध निर्णायक गेममध्ये ९-३ ने पुढे होती आणि हरली. जपानही २-३ ने हरलं. पंधरा वर्षांचं पोर दुसऱ्या दिवशी उठणार नाही असं मला वाटलं होतं, पण ब्राँझच्या लढतीत तिने सिंगापूरच्या फेंग तियानवेईला सरळ गेममध्ये काढलं. पाच वर्षांनी २-९. हिशेब पुरा.

हमामात्सुकर

नोकरीमुळे हमामात्सुला असतो, इवाता लोकलने जवळच. यामाहा मोटरचं मुख्यालय, चहाचे मळे, जुबिलो हा फुटबॉल क्लब, असं शांत गाव. मिझुतानीही तिथलाच, इतोहून अकरा वर्षांनी मोठा. त्याचे आईवडील लहान मुलांचा क्लब चालवायचे, तिथे ती लहानपणी खेळायची. म्हणजे सोनं जिंकणारी जोडी एकाच गल्लीतली म्हणा ना. ऑफिसातले जपानी सहकारी तिला 'मिमा-चान' म्हणतात, आपल्याकडे 'आमची ठकी' म्हणावं तसं.

दोन_वेण्या

मी खेळाडूची आई, म्हणून मला टोकियोपेक्षा २०२४ चं पॅरिस ऑलिंपिक मनाला लागतं. २००० साली जपानमध्ये तिघी जन्मल्या: मिउ हिरानो, हिना हायाता आणि इतो. हिरानो आणि इतो यांनी तर २०१४ मध्ये, तेराव्या वर्षी, जर्मन ओपनची दुहेरी एकत्र जिंकली होती. पॅरिससाठी जपानने जवळपास दोन वर्षं निवडीच्या स्पर्धांचे गुण मोजले. एकेरीच्या दोन जागा हायाता आणि हिरानोला गेल्या. तिसरी, संघातली जागा निवड समितीने २००८ साली जन्मलेल्या मिवा हारिमोतोला दिली. तिन्ही रंगांची पदकं घरात असलेली इतो बाहेर. संघाने रुपं आणलं, म्हणजे निवड चुकली असंही म्हणता येत नाही. तेच जास्त बोचतं.

त्याच सुमारास माझ्या लेकीचं नाव जिल्ह्याच्या संघातून गळलं. यादी भिंतीवर डकवलेली. तिने बोट ठेवून वरपासून खालपर्यंत दोनदा वाचली, मग म्हणाली, "आई, वडापाव खाऊ या." घरी येऊन बॅट कपाटात, कपड्यांच्या खाली. मी इतोची गोष्ट सांगायला गेले तर म्हणाली, "तिला निदान मेडल आहेत गं." काय बोलणार? गप्प बसले.

पिंपळपान

@दोन_वेण्या, बॅट बाहेर आली का?

दोन_वेण्या

तीन आठवड्यांनी. रबर वाळून कडक झालं होतं. आता ती बॅकहँडला पिंपल्स लावायचे म्हणतेय, कोच नको म्हणताहेत. तुम्ही कोणते लावता ते व्यनि (व्यक्तिगत निरोप) कराल का?

पिंपळपान

केला. सर्व्हिस मात्र हळू शिकवा, मनगट सांभाळून.