राजदूत पासिंगमध्ये नापास! गावातल्या जुन्या गाडीला वेगळा नियम हवा की नको?

काळी माती
आमच्या बाबांची १९८६ ची राजदूत गेल्या सोमवारी पासिंगमध्ये नापास झाली. पंधरा वर्षं झाली की दर पाच वर्षांनी आरसी नव्यानं करून घ्यावी लागते, हे आम्हाला नवीन नाही. मला आठवतात त्या दोन-तीन खेपांना साहेबांनी चेसिस नंबरवर कागद धरून पेन्सिल घासली, हॉर्न वाजवायला लावला आणि ‘चला’ म्हटलं. यंदाचे साहेब तरुण. चक्क खाली बसून बॅटरीनं गाडी पाहिली.

मागचा दिवा बंद. ब्रेक दाबला की लागणारा दिवा तर मी या गाडीवर जन्मात पाहिलेला नाही. हॉर्न म्हणजे मांजराचं पिल्लू. आरसा एकच, तोही तडकलेला. रिफ्लेक्टर नाही. साडी गार्ड नाही, कारण बाबांनी ते काढून तिथं दुधाच्या कॅनसाठी अँगल वेल्ड केला होता. चेसिस नंबरवर रंगाचे तीन थर. हेडलाइट स्लोवर मिणमिणते आणि रेस दिली की पेटते, असाही शेरा. अहो, सहा व्होल्टची मॅग्नेटोवरची गाडी, इंजिन जसं फिरेल तशी दिव्याला वीज, ती दुसरं काय करणार? पीयूसी तेवढी निघाली.

आता खर्च बघा. नूतनीकरणाची फी एप्रिल २०२२ आधी ३०० होती, मग १००० झाली, ऑगस्ट २०२५ पासून वीस वर्षांवरच्या मोटरसायकलला २०००. पर्यावरण कर वेगळा. गाडी १७३ सीसीची, म्हणून विमा १५० ते ३५० सीसीच्या गटात: नुसत्या थर्ड पार्टीचे १३६६ आणि वर जीएसटी. नवी नंबर प्लेट ४५० अधिक जीएसटी. भंगारवाला गाडीचे देईल त्याहून जास्त पैसे कागदालाच.

गाडी चालते किती? घर ते वावर साडेतीन किलोमीटर, त्यातला निम्मा पांधण रस्ता. आठवड्यातून एकदा बाजार. वेग पस्तीसच्या वर नाही. माझं म्हणणं एवढंच की अशा गाडीचे ब्रेक बघा, टायर बघा, बाकी सोडून द्या. शहरातल्या नव्या गाडीची फूटपट्टी इथं कशाला?

संत्रा बर्फी
पंधरा वर्षांनी गाड्या बंदच आहेत ना कायद्यानं? तुमची चाळीस वर्षं चालली, आता भंगारात घाला. हवा तरी सुधारेल.

सनद-बिनद
बर्फीसाहेब, ते दिल्ली आणि तिच्या आजूबाजूच्या पट्ट्याचं. पेट्रोलला पंधरा आणि डिझेलला दहा वर्षं हा दंडक तिथला. विदर्भात गाडी तपासणीत बसली आणि फी भरली तर पुढची पाच वर्षं हक्कानं चालवा.

धागाकर्त्यांना मात्र एक सांगतो. वेगळी फूटपट्टी हवी म्हणता, ती धुराच्या बाबतीत आधीच आहे. ३१ मार्च २००० पर्यंत बनलेल्या दुचाकीला कार्बन मोनॉक्साइड ४.५ टक्के आणि हायड्रोकार्बन ९००० पीपीएमपर्यंत माफ. त्यानंतरच्या टू-स्ट्रोकला ३.५ आणि ६०००. तुमची पीयूसी निघाली ती याच सवलतीवर. आता दिव्यातही सवलत मागता?

आणि विंटेजच्या भरवशावर असाल तर तेही ऐका. २०२१ च्या नियमानं पन्नास वर्षांवरची, मूळ रूपातली गाडी विंटेज म्हणून नोंदवता येते, ‘व्हीए’ मालिकेचा नंबर मिळतो. पण नोंदणीचे वीस हजार, आणि रोजच्या वापराला मनाई. म्हणजे २०३६ नंतर तुमची राजदूत प्रदर्शनात जाईल, वावरात नाही. अँगल काढावा लागेल तो निराळाच.

काळी माती
प्रदर्शनात गाडी जाईल, मग पऱ्हाटीची फवारणी करायला मी काय रिक्षा करून जाऊ?

शाळेच्या बाई
‘बाकी सोडून द्या’ यात तुम्ही मागचा दिवाही सोडलात, म्हणून लिहिते. दोन वर्षांपूर्वी दिवाळीनंतर मी शाळेतून उशिरा निघाले. सहाला अंधार. समोरून कापसाची ट्रॉली लावलेला ट्रॅक्टर, त्याचे दोन्ही दिवे डोळ्यांवर. तो पुढ्यात आला आणि माझ्याच बाजूला, दहा हातांवर, एक दुधाची मोटरसायकल दिसली. दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही, काळे कॅन. मी स्कूटी वळवली ती थेट नालीत. डाव्या मनगटात अजून सळई आहे. तो भला माणूस थांबला, मला उचललं, दवाखान्यात नेलं. तोही हेच म्हणत होता, ‘बाई, मी तं पस्तीसच्या वर चालवतच नाई.’

त्याचा वेग कमी होता म्हणूनच मी त्याच्यावर जाऊन आदळणार होते. रिफ्लेक्टर वीस-तीस रुपयांना मिळतो, त्याला बॅटरी लागत नाही, व्होल्ट लागत नाहीत. तो का नव्हता, याचं उत्तर तुमच्या सगळ्या खर्चाच्या हिशेबात मला सापडलं नाही.

चाळीस-चाळीस
बाई, तुमच्या हाताचं वाईट वाटलं. पण आमचं बी ऐका. मी रोज चाळीस-चाळीस लिटरचे दोन कॅन घेऊन डेरीवर जातो. रिफ्लेक्टर लावला तं कॅनच्या मागं जाते, कोणाले दिसन? आरसा लावला तं आरशात कॅनच दिसते. पासिंगच्या दिवशी आमच्या गावात आरशाची एकच जोडी फिरते, याची त्याले, त्याची याले. साहेबाले माहीत हाय, आमाले बी माहीत हाय.

शाळेच्या बाई
रिफ्लेक्टर कॅनवर चिकटवा. लाल पट्टी मिळते.

चाळीस-चाळीस
हे खरं बोलल्या. डोक्यातच नाई आलं.

पाना दहा-अकरा
मी तीस वर्षापासून याच गाड्या उघडून रायलो, म्हणून दोन्ही बाजूले चार गोष्टी सांगतो.

दिवा, हॉर्न, आरसा हे साहेबाले उभ्या-उभ्या दिसते. जे दिसत नाई ते मानूस मारते. राजदूत डबल स्टँडवर लावा, मागचं चाक वरून धरा अन् आडवं हालवा. कट-कट झालं तं स्विंग आर्मचे, म्हंजे मागचं चाक धरनाऱ्या दांड्याच्या सांध्यातले, बुश गेले. चालू गाडीत मागचं ढुंगण हालते, मानूस म्हनते रस्ता खराब हाय. मंग पुढचं चाक उचला, फोर्क खालून धरून मागंपुढं करा. तिथं खेळ असन तं कोनसेट, म्हंजे हँडल ज्याच्यावर फिरते ते बेअरिंग, गेला. हँडल सरळ धरून हळूहळू फिरवा, मधोमध खटकन अडकलं तरी कोनसेटच. स्पोकवर पाना वाजवत जा, टण वाजला तं ठीक, ठप वाजला तो ढिला. दुधाच्या गाडीत मागचे सात-आठ तं ठप वाजतेतच.

ब्रेक. लोक लायनर नवे टाकतेत अन् म्हनतेत ब्रेक लागत नाई. अरे, लायनर ड्रमवर दाबते तो आतला कॅम घासला ना बाप्पा! कॅम घासला की दांडी पार वळते अन् लायनर ड्रमले निस्तं टेकते. वरून बेअरिंगचं ग्रीस ड्रममंदी उतरलं तं मंग पाय देऊन उभे राहा, गाडी थांबत नाई. धुवाचं, घासाचं, सील बदलाचं.

दिव्याचं रडगाणं तं अर्ध खोटं हाय. सहा व्होल्ट म्हनून मिणमिणते हे खरं, पन मागचा दिवा बंद असते तो अर्थिंग सडल्यानं. मडगार्डचा गंज घासा, एक वायर सरळ चेसिसले आना, लागला दिवा. ब्रेकचा स्विच पेडलपाशी असते, चिखलानं जाम होते. ज्याले लयच उजेड पायजे त्यानं कॉइल नव्यानं गुंडाळून बारा व्होल्ट करून घ्यावं, बल्ब-हॉर्न सारे बदलून.

धुराचं बी सांगतो. लिटरले चाळीस-पन्नास मिली ऑइल पुरते. म्हातारे लोक इंजिन जाम होईन म्हनून डबल टाकतेत. मंग सायलेन्सर चोंदते, गाडी ओढत नाई, अन् आमी तो तुराट्याच्या जाळात टाकून कार्बन जाळत बसतो.

अन् काळी मातीवाले भाऊ, तुमच्या बाबानं जो अँगल वेल्ड केला ना, त्या वेल्डिंगच्या बाजूचा पाइप पाहा. रंग खरडा, मंग पाहा. ऐंशी किलो दूध वर्षानुवर्ष तिथं झोके घेते. मी तिथं तडकलेल्या चार चेसिस पाह्यल्या.

उजव्या पायात गिअर
माझ्याकडे जुनी बुलेट आहे. ड्रम ब्रेकवर भरवसा नाही म्हणून पुढं दुसऱ्या गाडीचा डिस्क बसवला. ब्रेक सुधारला तरी पासिंगला ‘मूळ गाडीत हे नाही’ म्हणून परत पाठवलं. सुरक्षितता हवी की जुनेपणा, एकदा ठरवा म्हणावं.

सनद-बिनद
जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलंय, कंपनीनं बनवलेल्या मूळ रचनेपासून गाडी बदलता येत नाही. बसवणारा कितीही हुशार असला तरी त्या फोर्कला तो डिस्क झेपतो की नाही हे कोणी तपासलेलं नसतं.

पाना दहा-अकरा
मी बसवून देतो ना बुलेटले डिस्क. पन वकीलसाहेब म्हनतेत ते खोटं नाई. एक फोर्क माझ्याच हातचा वाकला.

काळी माती
पानावाल्या दादांची पोस्ट वाचून आत्ता अंगणात जाऊन आलो. मागचं चाक हलते. चांगलं बोटभर हलते. स्पोक पाच ठप वाजले.

पण म्हणजे माझाच मुद्दा खरा झाला ना? साहेबांनी नऊ-दहा शेरे मारले, त्यात बुशचा एकही नाही. साडी गार्डसाठी गाडी परत पाठवली, जिच्यानं मी मरू शकत होतो ते तसंच ठेवलं. मग ही तपासणी कशाची?

शाळेच्या बाई
तुमच्या मुद्द्याची गंमत वाटते. साहेबांनी दिवा पाहिला म्हणून राग, बुश पाहिला नाही म्हणूनही राग. तुमच्या पहिल्या मागणीत बुश कुठं होता? ‘ब्रेक बघा, टायर बघा’ एवढंच होतं. नापास झाला नसता तर ही चर्चा काढली नसती, आणि आज चाक हलवूनही पाहिलं नसतं.

साडी गार्डबद्दलही. बाजाराच्या दिवशी मागं वहिनी बसत असतीलच. पदर कुठं जातो ते त्यांना विचारा.

काळी माती
विचारलं. ती म्हणते, ‘मी तं पदर कमरेले खोचूनच बसतो, वीस वर्षापासून.’ यावर काय बोलावं ते मला सुचलं नाही.

तरी फीबद्दल मी हटणार नाही. वीस वर्षांवरची गाडी म्हणून दुप्पट पैसे घेता, तर तपासणीही दुप्पट करा. चाक हलवून पाहायला एक मिनिट लागते. ते केलं असतं तर दोन हजार आनंदानं दिले असते. आनंदानं म्हणजे, निदान शिव्या न देता.

संत्रा बर्फी
एवढा खर्च करण्यापेक्षा हप्त्यावर नवी घ्या की.

चाळीस-चाळीस
नव्या गाडीवर दोन कॅन बांधून आमच्या पांधणीनं जुलै महिन्यात एक चक्कर मारा. मंग बोलू.

काळी माती
दादा, बुश कुठं मिळतील?

पाना दहा-अकरा
रेडिमेड भेटले तं माप बसतच नाई. लेथवाल्याकडून गनमेटलचे करून घ्या. जुने फेकू नका, मापाले लागतेत. अन् अँगल काढाच.

काळी माती
काढला. ग्राइंडर लावून दुपारी कापला. खालच्या पाइपाला केसाएवढी चीर आहे, डाव्या बाजूला. त्या जागी मूळ रंगही सापडला, लाल होता. मला वाटायचं गाडी पहिल्यापासून काळीच.

चाळीस-चाळीस
अँगल विकाचा असन तं सांगजा भाऊ.

शाळेच्या बाई
लाल पट्टीसकट द्या.