दंडापायी खातं उणे करता येत नाही
बचत खात्यात किमान शिल्लक नसली की बँका दंड कापतात. त्याविरुद्ध नवा कायदा हवाच, पण तो येईपर्यंत ग्राहकाच्या हाती काही नाही, असं काहींचं मत आहे, ते पटलं नाही. किमान शिल्लक नाही म्हणून लावलेल्या दंडामुळे बचत खातं उणे होता कामा नये, असं रिझर्व्ह बँकेचं २०१४ चं परिपत्रकच आहे. १ एप्रिल २०१५ पासून लागू. दंडाआधी ग्राहकाला कळवून किमान महिन्याची मुदतही द्यावी लागते.

कोथरूडला आमच्या शेजारच्या काकूंचं पेन्शनचं खातं असंच उण्यात गेलं होतं. शाखेत तोंडी सांगून कोणी दाद देईना. परिपत्रकाचा हवाला देऊन लेखी अर्ज दिला, तेव्हा पैसे परत जमा झाले. अर्जाची पोच मात्र घ्याच. ३० दिवसांत उत्तर आलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे, म्हणजे बँकांविरुद्धच्या तक्रारी सोडवणाऱ्या अधिकाऱ्याकडे, जाता येतं, आणि तिथे फी लागत नाही.